दाब वाढला, म्हणजे थेंबच बाधले?
डोळ्याच्या आत सूज असताना डोळ्यातला दाब वाढला की दोष स्टेरॉइडच्या थेंबांचाच, असं मानून लोक थेंब परस्पर बंद करतात. स्टेरॉइडने दाब वाढू शकतो हे खरं, पण बहुधा काही आठवड्यांच्या वापरानंतर. हर्पिस किंवा नागिणीच्या विषाणूने डोळ्याच्या आत सूज येते, तेव्हा तिथलं पाणी बाहेर नेणारी बारीक जाळीच सुजते आणि पाणी तुंबून दाब वाढतो. एरवीच्या युव्हायटिसमध्ये, म्हणजे डोळ्याच्या आतल्या सुजेत, पाणी कमी तयार होऊन दाब बहुधा उतरतो. म्हणूनच सूज आलेल्या डोळ्याचा दाब पहिल्याच तपासणीत 21 mmHgच्या (दाब मोजायचं एकक) वर दिसला, तर डॉक्टरांना विषाणूचा संशय येतो. अशा वेळी विषाणूविरोधी औषध आणि दाबाच्या थेंबांसोबत स्टेरॉइडही बहुतेकदा लागतं, कारण जाळीची सूज त्यानेच उतरते. मनाने सुरू मात्र कधीच करू नका: कॉर्नियावर (बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर) हर्पिसचा व्रण असेल, तर नुसतं स्टेरॉइड तो चिघळवतं.