शेक म्हणतात खरं, पण गरम काहीच नसतं: टाटाचं रेडिएशन आणि रोज थोडंथोडंच देण्यामागचं विज्ञान

आमच्या मामीला तोंडाचा कॅन्सर निघाला, वर्षानुवर्षं मिश्री लावायची सवय, ऑपरेशन झालं आणि मग टाटाच्या डॉक्टरांनी सांगितलं की आता रेडिएशन, सोमवार ते शुक्रवार, एकूण ३० वेळा. खाली आल्यावर मामीने पहिलं काय विचारलं तर "लई गरम लागंल का रं?" कारण सांगलीकडच्या आमच्या गावात रेडिएशनला कुणी रेडिएशन म्हणतच नाही, शेक म्हणतात, "तिला टाटाला शेक चालू हाय", नाहीतर "लाईट देत्यात". आणि शेक म्हटलं की माणसाला गरम पाण्याची पिशवी नाहीतर तापवलेली वीटच आठवणार ना. दुसरा प्रश्न मामाचा होता, की एवढं ३० दिवस मुंबईत राहण्यापेक्षा एकदाच काय तो सगळा डोस देऊन टाकत नाहीत का? दोन्ही प्रश्न एकदम बरोबर आहेत आणि दुसऱ्याचं उत्तर शोधायला तर जगाला तीसेक वर्षं लागली.

आधी गरमचं बघू. रेडिएशनचा डोस ग्रे या युनिटमध्ये मोजतात, एक ग्रे म्हणजे एक किलो शरीरात एक ज्यूल ऊर्जा जिरली. मामीला रोज २ ग्रे मिळायचे. तेवढ्याने त्या जागेचं तापमान किती वाढतं? एका अंशाच्या हजाराव्या भागाचं साधारण निम्मं. म्हणजे काहीच नाही. दुसरीकडून बघा, ४-५ ग्रे डोस एकदम अख्ख्या शरीराला बसला आणि उपचार मिळाले नाहीत तर निम्मी माणसं दगावतात, आणि ७० किलोच्या माणसाच्या बाबतीत ही सगळी ऊर्जा गरम चहाच्या एका छोट्या घोटाएवढी भरते! मग घोटभर चहाने काही होत नाही आणि याने माणूस का मरतो, तर चहाची ऊर्जा सगळीकडे पसरून जाते आणि रेडिएशनची ऊर्जा नेमक्या ठिकाणी ठोसे मारल्यासारखी बसते, पेशीतल्या डीएनएच्या दोन्ही दोऱ्या एकाच जागी तोडते. एका ग्रेला एका पेशीत असे साधारण ४० दुहेरी तुकडे पडतात. पेशी मरते ती यामुळे, भाजून नाही. पुढे चामडी काळी पडते, सोलते, ती भाजल्यासारखी दिसते म्हणून शेक हा शब्द चिकटला असावा असं मला वाटतं.

आता मामाचा प्रश्न. राँटगेनला ८ नोव्हेंबर १८९५ ला एक्स-रे सापडले आणि लगेच पुढच्या वर्षी व्हिएन्नात लिओपोल्ड फ्रॉइंडने एका लहान मुलीच्या पाठीवरच्या केसाळ डागावर ते वापरून बघितले. तेव्हा डोस मोजायची सोयच नव्हती, कातडी लाल झाली की पुरे, हेच माप. वर्षानुवर्षं असं चाललं होतं, एकदम जोरात द्यायचं, गाठ विरघळायची पण आजूबाजूचं मांस आणि कातडी पण जायची. १९२० च्या दशकात पॅरिसच्या रेडियम इन्स्टिट्यूटमध्ये क्लॉड रेगोने मेंढ्यांवर एक प्रयोग केला, त्यांच्या वृषणातल्या शुक्रजंतू बनवणाऱ्या पेशी भराभर वाढतात, कॅन्सरसारख्याच, म्हणून तो त्याने मॉडेल धरला. एकाच दमात डोस दिला तर वरची कातडी जाळल्याशिवाय मेंढा निर्बीज होईना, पण तोच डोस दिवसांवर विभागून दिला तर मेंढा निर्बीज झाला आणि कातडी वाचली. त्याचाच सहकारी आँरी कुतार याने हे घशाच्या कॅन्सरच्या पेशंटवर नेलं आणि जगभर रोज थोडं देण्याची पद्धत रुजली. कारण असं की निरोगी पेशींना चोवीस तास मिळाले की त्या आपली तुटलेली डीएनए बऱ्यापैकी सांधून घेतात, कॅन्सरच्या पेशींची ही दुरुस्ती कच्ची असते. त्यात अजून एक भर म्हणजे गाठीच्या मधल्या भागात ऑक्सिजन कमी पोचतो आणि ऑक्सिजन नसेल तर रेडिएशनच्या माऱ्याचा पेशींवर परिणाम कमी होतो, बाहेरच्या पेशी मेल्या की आतल्यांना ऑक्सिजन मिळायला लागतो आणि पुढच्या दिवशीच्या डोसला त्या सापडतात. मामाला मी एवढंच सांगितलं की शेताला महिन्याचं पाणी एका दिवसात सोडतो का आपण? त्याला लगेच पटलं.

परळच्या टाटा हॉस्पिटलची गोष्ट मूळची घरच्या दुःखातून आलेली आहे. मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये ल्युकेमियाने गेल्या, पुढच्याच वर्षी पती सर दोराबजी गेले, आणि त्यांच्या ट्रस्टने २८ फेब्रुवारी १९४१ ला हे हॉस्पिटल सुरू केलं, ८० खाटांचं. त्या काळात जगभर रेडिएशन म्हणजे डीप एक्स-रेचं मशीन नाहीतर गाठीत टोचून ठेवायच्या रेडियमच्या सुया (रेडियम म्हणजे आपोआप किरण सोडणारा धातू). रेडियम निम्मं व्हायला १६०० वर्षं लागतात, एक सुई हरवली तर केवढा घोळ, आणि त्या सुया डॉक्टर-नर्स हाताने हाताळायच्या, त्यांना रोज थोडंथोडं रेडिएशन बसायचं. (आज गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला आतून देतात त्या रेडिएशनमध्ये आधी रिकामी नळी बसवतात, सगळे खोलीबाहेर जातात आणि मग मशीनच इरिडियम या किरण सोडणाऱ्या धातूचा बारका दाणा आत पाठवतं. हा बदल मला लिनॅकपेक्षाही, म्हणजे विजेवर किरण तयार करणाऱ्या आजच्या मशीनपेक्षाही, मोठा वाटतो.)

१९५७ मध्ये हॉस्पिटल केंद्राच्या आरोग्य खात्याकडे गेलं आणि १९६२ मध्ये चक्क अणुऊर्जा खात्याकडे. हॉस्पिटल आणि अणुऊर्जा खातं, याचं कितीतरी लोकांना आश्चर्य वाटतं, पण कारण हेच, रेडिएशन. होमी भाभांना दिसत होतं की कॅन्सरच्या उपचारात पुढे किरणांचा वाटा फार मोठा असणार आहे. आणि होमी भाभा हे मेहेरबाईंचे सख्खे भाचे, त्यांच्या भावाचा मुलगा. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ तिथेच थांबलो होतो.

१९५१ मध्ये कॅनडात कोबाल्ट-६० चं मशीन आलं आणि शरीरात खोलवर डोस पोचवणं पहिल्यांदा स्वस्तात जमायला लागलं. कोबाल्टची अडचण अशी की तो दर सव्वापाच वर्षांनी निम्मा होतो, म्हणजे नव्या सोर्सवर (मशीनमधल्या कोबाल्टच्या तुकड्यावर) दोन मिनिटं लागणारा पेशंट पाच वर्षांनी चार मिनिटं टेबलावर पडून राहतो, बाहेरची लाईन तेवढी लांबते, म्हणून सोर्स बदलावा लागतो. पण वीज आणि देखभाल कमी लागते, त्यामुळे आपल्यासारख्या देशात तो अनेक वर्षं टिकला आणि भाभा अणुसंशोधन केंद्राने तर भाभाट्रॉन नावाचं आपलं स्वतःचं कोबाल्ट मशीन बनवलं, पहिलं बसलं ते टाटाच्याच खारघरच्या सेंटरमध्ये. आता लिनॅक असतात, ते वीज चालू केल्यावरच किरण सोडतात, बंद केलं की काहीच उरत नाही.

मामीच्या वेळी मला वाटलं होतं मशीन म्हणजेच सगळं. पण पहिला आठवडा तर मशीनचं तोंडही दिसलं नाही. आधी मोल्ड रूम, तिथे प्लास्टिकची जाळीदार शीट साधारण ७० अंशाच्या पाण्यात बुडवून मऊ करतात आणि चेहऱ्यावर ताणून बसवतात, पाचदहा मिनिटांत ती गार होऊन चेहऱ्याचा साचाच बनतो, त्यानेच रोज डोकं टेबलाला पक्कं धरायचं. मामी म्हणाली की नुसतं ते तेवढं कोमट लागलं. अख्ख्या ट्रीटमेंटमधली गरम गोष्ट ती एवढीच! मग सीटी स्कॅन, आणि मग खरं शिकण्या-शिकवण्याचं काम, ते पेशंटला कधीच दिसत नाही. रेसिडेंट डॉक्टर स्कॅनच्या एकेका चकतीवर माऊसने रेषा काढतो, इथे गाठ होती, इथे गळ्यातल्या ग्रंथी, आणि यांना वाचवायचं, मज्जारज्जू ४५ ग्रेच्या आसपास थांबलाच पाहिजे, लाळग्रंथींना कमीत कमी बसावं नाहीतर जन्मभर तोंड कोरडं. मग त्याच्या सीनियर डॉक्टर मॅडम येऊन बसतात आणि रेषा ३ मिलिमीटर आत घेतात नाहीतर बाहेर, आणि का ते सांगतात. ते ३ मिलिमीटर पुस्तकात वाचून येत नाहीत, कुणीतरी शेजारी बसूनच शिकवावे लागतात. मग फिजिसिस्ट, म्हणजे किरणांचा हिशोब करणारा, प्लॅन बनवतो, आणि सकाळी पहिला पेशंट आत जायच्या आधी मशीनने सांगितला तेवढाच डोस दिला का ते मोजून बघितलेलं असतं. हा विभाग उभा करणाऱ्यांपैकी डॉ. केतायून दिनशॉ यांचं नाव घ्यायलाच हवं, स्वतः रेडिएशनच्या डॉक्टर, पुढे सगळ्या टाटा मेमोरियल सेंटरच्या डायरेक्टर झाल्या, २००१ मध्ये पद्मश्री.

शिकवणाऱ्या हॉस्पिटलचं आणखी एक काम असतं, जुन्या पद्धतीला प्रश्न विचारायचं. टाटाने ऑपरेशन झालेल्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या ३०० बायकांवर तुलना केली, एका गटाला नेहमीचं रेडिएशन आणि दुसऱ्याला रोज स्कॅनचा फोटो बघून, किरणांना नेमक्या जागेचा आकार देऊन दिलेलं. तीन वर्षांत आतड्याचा बऱ्यापैकी त्रास पहिल्या गटात ४२.४ टक्के, दुसऱ्यात २१.१ टक्के, म्हणजे निम्मा, आणि कॅन्सर परत यायचं प्रमाण वाढलं नाही. ज्या बाईला दिवसातून दहा वेळा संडासला पळावं लागतं आणि तरी शेतात कामाला जावं लागतं तिला विचारा हा आकडा किती मोठा आहे ते.

आणि दिवसांचा हिशोबही बदलतोय. मामामामी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहिले, टाटाचे पेशंट तिथे वर्षानुवर्षं उतरतात, तिथली गर्दी बघितली की कळतं की रोज थोडंथोडं देण्याची किंमत हॉस्पिटलच्या बिलात नसते, ती बुडालेल्या रोजात आणि गावाकडे एकट्या राहिलेल्या पोरांत असते. स्तनाच्या कॅन्सरला पूर्वी २५ दिवस लागायचे, ब्रिटनमधल्या अभ्यासांनी ते १५ वर आणले आणि २०२० मध्ये आलेल्या निकालात २६ ग्रे फक्त ५ दिवसांत देऊन पाच वर्षांनंतरही निकाल काही वाईट निघाला नाही. स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी मोठ्या डोसला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त बळी पडतात म्हणून तिथे हे जमलं. मामीच्या बाजूच्या खोलीतल्या, स्तनाच्या कॅन्सरच्या साताऱ्याच्या काकू तीन आठवड्यांत गावाला गेल्या, मामी बघत बसली. तोंडाच्या आतली नाजूक कातडी मात्र एवढा मोठा घास एकदम सोसत नाही, ती भरून यायला तिला रोजची रात्र लागते, म्हणून मामीचे सहा आठवडे सहाच राहिले, चौथ्या आठवड्यापासून नुसती पेज आणि दही.