दंत सहायक सेवा

दंतवैद्याच्या खुर्चीशेजारी किंवा दवाखान्यामागच्या लॅबमध्ये चालणाऱ्या, पण बीडीएस पदवी न लागणाऱ्या कामांना दंत सहायक सेवा म्हणतात. डेंटल हायजिनिस्ट, डेंटल मेकॅनिक आणि डेंटल असिस्टंट हे त्यांतले मुख्य व्यवसाय. पहिल्या दोघांची व्याख्या भारतात १९४८ च्या दंतवैद्य कायद्यातच आली. दात खरवडून साफ करणारा व मुखस्वच्छता शिकवणारा तो हायजिनिस्ट. कवळ्या आणि इतर दंतोपकरणे बनवणारा वा दुरुस्त करणारा तो मेकॅनिक. या कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोग कायदा संमत केला.

हायजिनिस्ट व मेकॅनिक हे दोन्ही अभ्यासक्रम दोन वर्षांचे असून बारावी विज्ञाननंतर प्रवेश मिळतो. काही दंत महाविद्यालयांतच ते चालतात. पुढे राज्य दंत परिषदेकडे नोंदणी करावी लागते. असिस्टंट मात्र बहुतेक दवाखान्यांत हाताखाली काम करतकरतच तयार होतो. लाळ ओढणारी नळी धरणे, दातांचे माप (ठसा) घेण्याचा मसाला कालवणे, हत्यारे ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, लावणे ही त्याची रोजची कामे.

खरी कारागिरी मेकॅनिकची. दवाखान्यातून आलेल्या अल्जिनेटच्या (पाण्यात कालवून घट्ट होणाऱ्या मसाल्याच्या) मापात प्लास्टर लगेच ओतून साचा करावा लागतो. मापातले पाणी उडाले की ते आकसते आणि कवळी सैल किंवा घट्ट होते. साच्यावर मेणाची कवळी रचून तीत दात बसवतात आणि ती रुग्णाच्या तोंडात लावून पाहतात. ती पसंत पडली की फ्लास्कमध्ये, म्हणजे धातूच्या डबीत, प्लास्टर भरून बंद करून मेण वितळवून काढायचे व पोकळीत ॲक्रिलिक हे कवळीचे प्लास्टिक दाबून भरायचे. फ्लास्क पाण्यात हळूहळू तापवावा लागतो, कारण ॲक्रिलिकमधला द्रव १०० अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतो. घाई केली तर कवळीत बारीक छिद्रे पडतात. शेवटी प्युमिस ही दगडाची पूड लावून घासायची. झिर्कोनिया या कठीण सिरॅमिकच्या कॅपचे (दातावर बसवायच्या टोपीचे) गणित वेगळे : ती संगणकावर रेखून मुद्दाम मोठी कोरतात, कारण सुमारे १,५०० अंशांच्या भट्टीत ती साधारण पाचव्या हिश्शाने आकसते. अशा डिझाइनच्या कामाला आता लॅबमध्ये मागणी आहे, पण दातांची ठेवण डोळ्यांत मुरलेली नसेल तर नुसते सॉफ्टवेअर शिकून भागत नाही.

नोकऱ्या खासगी लॅब, दंत महाविद्यालये, मोठी रुग्णालये, सैन्यदल आणि दंतसाहित्य विकणाऱ्या कंपन्यांत मिळतात. अनुभवी मेकॅनिक स्वतःची लॅबही काढतो. हायजिनिस्टची बाजू त्या मानाने लंगडी आहे. शहरांत बीडीएस झालेले तरुण डॉक्टर मुबलक असल्याने स्केलिंग, म्हणजे दात खरवडून साफ करणे, तेच करतात आणि वेगळा पगार देऊन हायजिनिस्ट ठेवणारे दवाखाने थोडे. अमेरिकेत हा व्यवसाय आल्फ्रेड फोन्स या दंतवैद्याने उभा केला. कनेक्टिकटमधल्या ब्रिजपोर्ट इथे १९१३ मध्ये त्याने वर्ग सुरू केला, आणि आज तिथल्या दवाखान्यात दात साफ करून घ्यायला गेलेल्या रुग्णाची गाठ बहुधा आधी हायजिनिस्टशीच पडते. भारतीय पदविकेवर मात्र तिथे थेट परवाना मिळत नाही.

ब्रिटनमध्ये वेगळे शिक्षण घेतलेला क्लिनिकल डेंटल टेक्निशियन बोळक्या रुग्णाला थेट पूर्ण कवळी करून देऊ शकतो. भारतात मेकॅनिकला ती मुभा नाही. रुग्णाचे माप दंतवैद्यानेच घ्यायचे असते, मग रस्त्याकडेला कवळ्या मांडून बसलेले ‘दातवाले’ कितीही जुने असोत.