आठ के फुटेज आणि लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड: ही भूक वाढली कुठून

रेड या सिनेमा कॅमेऱ्याचं फुटेज लॅपटॉपवर एडिट करायचंय, कार्ड कुठलं घेऊ, असं कुणी विचारलं की लोक एक मॉडेल नंबर सांगून मोकळे होतात. पण हाच प्रश्न २००८ मध्ये विचारला असता तर खरं उत्तर होतं की कुठलंही घ्या, फरक पडत नाही, कारण फुटेज उलगडायचं, म्हणजे दाबून साठवलेल्या फाइलीतून चित्र बाहेर काढायचं काम तेव्हा ग्राफिक्स कार्डाकडे जातच नव्हतं. ते तिथे कसं पोचलं हे माहीत असलं ना, की आजचे स्पेसिफिकेशनचे आकडे वाचायला खूप सोपे जातात, म्हणून जरा मागून सुरुवात करतोय.

रेड वन कॅमेरा लोकांच्या हातात आला २००७ च्या ऑगस्टच्या शेवटी. ओकली गॉगलवाले जिम जॅनर्ड यांची ही कंपनी, आणि त्यांचं म्हणणं साधं होतं की फिल्मच्या तोडीचं चार के चित्र मोठ्या स्टुडिओंपुरतंच राहायला नको. चार के म्हणजे इथे ४०९६ बाय २३०४ पिक्सेल. एवढा डेटा कच्चा साठवायचा तर डिस्कच पुरणार नाही, म्हणून त्यांनी रेडकोड नावाचं वेव्हलेट कॉम्प्रेशन, म्हणजे डेटा दाबून लहान करायची पद्धत, बनवली, सेकंदाला २८ किंवा ३६ एमबी. म्हणजे साधी हार्ड डिस्कसुद्धा हे ओढू शकायची. दम निघायचा तो प्रोसेसरचा.

त्याचं कारण असं की सेन्सरवरच्या प्रत्येक ठिपक्याला एकच रंग दिसतो, लाल, हिरवा किंवा निळा, आणि उरलेले दोन शेजारच्या ठिपक्यांवरून काढावे लागतात, याला डीबेयर म्हणतात. बाकीचे बरेच कॅमेरे हे काम आतच उरकून तयार चित्र देतात, पण रॉ, म्हणजे सेन्सरवरचा कच्चा डेटा म्हटलं की ते एडिटरच्या मशीनवर येतं. म्हणजे आधी वेव्हलेट उलगडा, मग डीबेयर करा, मग रंग लावा, आणि हे सेकंदाला २४ वेळा. चार केला ते साधारण साडेबावीस कोटी पिक्सेल होतात दर सेकंदाला, आणि समोर कोर टू ड्युओवाला, म्हणजे फक्त दोन कोरच्या प्रोसेसरचा लॅपटॉप!

रेडला हे माहीत होतं, म्हणून कॅमेरा स्वतःच प्रत्येक क्लिपबरोबर छोट्या क्विकटाइम फाइली बनवायचा, नावाच्या शेवटी एफ, एच, एम, पी. एफ म्हणजे पूर्ण, एच म्हणजे अर्धं, एम म्हणजे पाव, पी म्हणजे त्याहून बारीक. त्यांच्यात वेगळं चित्र नसायचंच, त्या रेडच्या मूळ रॉ फाइलीकडेच, म्हणजे आर थ्री डीकडेच, बोट दाखवायच्या आणि सांगायच्या की एवढ्याच रेझोल्यूशनला उलगड. लॅपटॉपवाले एम आणि पी वर कट करायचे, फोकस नीट आहे का हे बघायचं असेल तर एक फ्रेम थांबवून एफ उघडायची आणि वाट बघायची.

त्याच सुमारास आपल्या मुंबईत स्लमडॉग मिलियनेअरचं शूटिंग झालं, त्यात बराच भाग एसआय टू के नावाच्या छोट्या डिजिटल कॅमेऱ्यावर आहे, आणि गल्लीबोळात फिरताना रेकॉर्डिंगचा लॅपटॉप ऑपरेटरच्या पाठीवरच्या सॅकमध्ये असायचा. २००९ मध्ये त्या कामाला सिनेमॅटोग्राफीचं ऑस्कर मिळालं. ते दोन के होतं, पण सिनेमाचं रॉ फुटेज आणि लॅपटॉप ही जोडी तेव्हापासूनची आहे.

मग २००९ मध्ये रेडनेच तोडगा काढला, रेड रॉकेट. ४,७५० डॉलरचं, डेस्कटॉपच्या आत बसणारं पीसीआय एक्सप्रेस कार्ड, आणि त्याचं एकच काम, चार के आर थ्री डी रिअल टाइममध्ये उलगडणं. हे ग्राफिक्स कार्ड नव्हे, त्याला मॉनिटर लावून गेम खेळता येत नाही. पण लॅपटॉपमध्ये ते बसवणार कुठे? २०११ मध्ये मॅकबुक प्रोवर थंडरबोल्ट नावाचं वेगवान पोर्ट आलं तेव्हा वाट निघाली, कार्ड बाहेरच्या डब्यात ठेवायचं आणि एका केबलने लॅपटॉपला जोडायचं. सेटवर डेटा सांभाळणाऱ्यांनी असे डबे खूप वापरले. पुढे सहा केचा ड्रॅगन सेन्सर आला, २०१३ मध्ये रॉकेट एक्स आलं, त्याची किंमत ६,७५० डॉलर. कॅमेऱ्याचा सेन्सर वाढला की आधीचं महागडं कार्ड अपुरं, ही त्या पद्धतीतली खरी अडचण होती.

दुसऱ्या बाजूने सॉफ्टवेअरवाले ग्राफिक्स कार्डाकडे सरकत होते. एनव्हिडियाने कूडा, म्हणजे ग्राफिक्स कार्डाकडून इतर आकडेमोड करून घ्यायची सोय, २००७ मध्ये खुली केली होती. २०१० च्या प्रीमियर प्रो सीएस ५ या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये अडोबीने कूडा वापरणारं मर्क्युरी प्लेबॅक इंजिन आणलं, पण सुरुवातीला चालणारी कार्डं अगदी मोजकी, जीटीएक्स २८५ आणि काही क्वाड्रो, सगळी डेस्कटॉपची. ही यादी एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये असायची, त्यामुळे लोक नोटपॅडमध्ये ती उघडून आपल्या कार्डाचं नाव खाली टाइप करायचे आणि सेव्ह करायचे, बऱ्याचदा चालायचंही. नाही चाललं तर कारण बहुतेक वेळा एकच, कार्डाची मेमरी कमी. २०१२ मध्ये सीएस ६ आलं तेव्हा मॅकबुक प्रोमधली १ जीबीची रेडिऑन कार्डं ओपन सीएलवर (कूडासारखीच सोय, पण एनव्हिडियापुरती नसलेली) अधिकृतपणे चालायला लागली.

दाविंची रिझॉल्व्हचं तर अजून मोठं. एकेकाळी लाखो डॉलरची ग्रेडिंग, म्हणजे चित्राचे रंग सुधारायची सिस्टिम, २००९ मध्ये ब्लॅकमॅजिकने ती कंपनी घेतली, २०१० मध्ये मॅकवर ९९५ डॉलरला दिली आणि २०११ मध्ये फुकट लाइट आवृत्ती काढली. आज आपल्याकडे घरी बसून ग्रेडिंग शिकणारी जी पोरं आहेत त्यांचा रस्ता इथून सुरू होतो. पण रिझॉल्व्ह जवळपास सगळं ग्राफिक्स कार्डावर करतं, ३२ बिट फ्लोटमध्ये, म्हणजे प्रत्येक रंगाचा आकडा ४ बाइटमध्ये ठेवून, आणि व्हीरॅमचा, म्हणजे कार्डाच्या स्वतःच्या मेमरीचा प्रश्न इथेच येतो.

हे एकदा आकड्यात बघाच. आठ केची एक फ्रेम ८१९२ बाय ४३२०, म्हणजे साडेतीन कोटी पिक्सेल, प्रत्येकाचे चार चॅनल, प्रत्येक चॅनल ४ बाइट, झाले सुमारे ५६६ एमबी. एका फ्रेमचे! त्यावर टेम्पोरल नॉइज रिडक्शन (आजूबाजूच्या फ्रेम बघून चित्रातले दाणे काढणं) लावलं की मागच्यापुढच्या फ्रेम पण मेमरीत लागतात, पाच फ्रेम धरल्या तर पावणेतीन जीबी तिथेच गेले, बाकी नोड (रंगावरच्या कामाच्या पायऱ्या), टायटल, दुसरा मॉनिटर वेगळंच. चार केला, ४०९६ बाय २१६० धरली तर, हीच फ्रेम जेमतेम १४२ एमबी. त्यामुळे ६ जीबीच्या कार्डावर चार के छान पळतं आणि आठ के टाकलं की रिझॉल्व्ह सांगतं जीपीयू (ग्राफिक्स कार्डाची चिप) मेमरी फुल झाली, टाइमलाइन रेझोल्यूशन कमी करा. कार्ड कितीही वेगवान असलं तरी मेमरी संपली की संपली.

आता मुख्य बदल. २०१६ ला रेडचे आठ के कॅमेरे आले आणि सेकंदाला ८५ कोटी पिक्सेल उलगडायची वेळ आली. तोवर डीबेयर कार्डावर जायला लागलं होतं, पण वेव्हलेट उलगडणं अजून प्रोसेसरवरच अडकलेलं, त्यामुळे दोन मोठे प्रोसेसर लावलेलं वर्कस्टेशन नाहीतर रॉकेट एक्स, एवढेच पर्याय. ऑगस्ट २०१८ मध्ये एनव्हिडिया आणि रेडने हा उरलेला भागही जीपीयूवर चालवून दाखवला, २०१९ मध्ये तो एसडीकेमधून, म्हणजे सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना रेड देते त्या संचातून, सगळ्यांना मिळाला. रिझॉल्व्हच्या प्रेफरन्समध्ये आजही रेडसाठी हे पर्याय दिसतात, नुसतं डीबेयर, किंवा डीकॉम्प्रेशन आणि डीबेयर दोन्ही. मला विचाराल तर लॅपटॉपच्या बाबतीत या सगळ्या इतिहासातला सगळ्यात मोठा टप्पा हाच, कारण रॉकेटसारख्या स्वतंत्र कार्डाची गरजच गेली. २०१९ च्याच मे महिन्यात एनव्हिडियाच्या आरटीएक्स स्टुडिओ नावाने लॅपटॉप विकायला आले ते उगाच नाही.

पण लॅपटॉपमधलं कार्ड आणि डेस्कटॉपचं कार्ड एक नाही, आणि इथे ग्राहकाची दिशाभूल होते असं मला मनापासून वाटतं. २०१६ मध्ये लॅपटॉपच्या कार्डांच्या नावामागचा एम हा अक्षर-शेपूट गेला, त्यामुळे नाव तेच झालं. आरटीएक्स ४०९० डेस्कटॉपला १६,३८४ कूडा कोर आणि २४ जीबी, लॅपटॉपला त्याच नावाखाली ९,७२८ कोर आणि १६ जीबी, मुळात चिपच वेगळी. त्यात वॉटचा खेळ, लॅपटॉपचं आरटीएक्स ३०८० कुठे ८० वॉटवर चालतं कुठे १५० वर, डब्यावर नाव सारखंच, मेमरीही कुठे ८ कुठे १६ जीबी. लाख-दीड लाख मोजणाऱ्याने नावाच्या आधी वॉट आणि व्हीरॅम विचारले पाहिजेत.

ॲपलने मात्र गणितच बदललं. २०१८ मध्ये त्यांनी बाहेरच्या जीपीयूला अधिकृत पाठिंबा दिला, आणि दोनच वर्षांनी स्वतःची चिप आणून तो बंदही झाला. एम १ मॅक्स २०२१ चा, त्यात ६४ जीबीपर्यंत मेमरी प्रोसेसर आणि जीपीयू मिळून वापरतात, म्हणून वरची मेमरी फुलची अडचण तिथे सहसा येत नाही. ब्लॅकमॅजिक रॉ पण इथे सांगायला हवं, २०१८ चा फॉरमॅट, डीबेयरचा काही भाग कॅमेऱ्यातच करून टाकतो, त्यामुळे लॅपटॉपला बराच हलका.

आणि गंमत म्हणजे आज अनेकांचा लॅपटॉप रेडवर नाही तर मिररलेस कॅमेऱ्याच्या एच २६५, १० बिट, ४:२:२ (रंगाची माहिती जास्त ठेवणाऱ्या) फाइलवर अडकतो, कारण एनव्हिडियाच्या ५० सिरीजच्या आधीच्या कार्डांत हा प्रकार उलगडणारं हार्डवेअरच नाही. इंटेलच्या प्रोसेसरमधल्या साध्या ग्राफिक्सला ते कितीतरी आधीपासून जमतंय. त्यामुळे लग्नाचं शूटिंग करणाऱ्याने महागडं आरटीएक्स घेतलं आणि सोबत क्विक सिंक (इंटेलच्या ग्राफिक्समधलं व्हिडिओ उलगडणारं हार्डवेअर) नसलेला प्रोसेसर आला, तर टाइमलाइन अडखळणारच. २०२४ मध्ये निकॉनने रेड कंपनी विकत घेतली आहे, आणि रेडचा कोडेक (फुटेज दाबायची-उलगडायची पद्धत) आता निकॉनच्या तुलनेने स्वस्त कॅमेऱ्यातही आलाय, तेव्हा लॅपटॉप बघायला जाताना आपल्या कॅमेऱ्याची एक मूळ क्लिप पेनड्राइव्हवर घेऊन जा आणि चार्जर लावून ती पूर्ण रेझोल्यूशनला पाच मिनिटं चालवून बघा.