केबल गंजली ती मिठामुळे की सांध्यामुळे?

‘गंज वॉरंटीत बसत नाही.’ वरळीला समुद्रासमोर राहणाऱ्या माझ्या एका स्नेह्यांना सर्व्हिस सेंटरमध्ये हे उत्तर मिळालं. गाडी हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली, जेमतेम चार वर्षांची. डॅशबोर्डवर हायब्रिड सिस्टिम तपासण्याचा इशारा आला आणि गाडी परत सुरूच होईना. लिफ्टवर चढवून खालच्या नारिंगी, म्हणजे उच्च दाबाच्या विजेच्या केबलचा कनेक्टर (सांधा) उघडला, तर आत पांढरी भुकटी आणि तिच्यात मिसळलेले हिरवे डाग. बाहेरचं प्लॅस्टिक मात्र धड होतं, कुठे तडा नाही की ओरखडा नाही. जॉब कार्डवर शेरा पडला: ‘बाह्य पर्यावरणीय कारणामुळे गंज, वॉरंटी लागू नाही.’

या शेऱ्यात एक वैज्ञानिक विधान दडलेलं आहे आणि ते कोणी तपासून पाहत नाही. गंजाचं कारण बाहेरची हवा, बाहेरचं मीठ. म्हणजे ते निसर्गाचं काम आणि बनवणाऱ्याचा त्यात दोष नाही, असं ते विधान. पत्र्यावर दगड लागून रंग उडाला आणि तिथे गंज धरला, तर हे म्हणणं मला पटेल. पण बंद कनेक्टरच्या आत गंज चढतो तेव्हा रसायनशास्त्र काही वेगळंच सांगतं.

हा प्रश्न फक्त वरळीचा नाही. कॅनडात थंडीत बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. तिथल्या टोयोटा रॅव्ह४ हायब्रिड गाड्यांमध्ये मागच्या चाकांच्या मोटरकडे जाणाऱ्या केबलच्या कनेक्टरमध्ये हेच खारं पाणी शिरलं आणि तारेभोवतीची विणलेली धातूची जाळी गंजली. वॉरंटीची मुदत उलटलेल्या मालकांच्या हाती हजारो डॉलरची बिलं पडली. बरीच ओरड झाल्यावर कंपनीनं उत्तर अमेरिकेतल्या त्या गाड्यांसाठी या केबलचं वॉरंटी-संरक्षण वाढवून दिलं. ही गाडी आपल्याकडे विकली जात नाही. पण मीठ आपल्याकडेही आहे, फक्त ते ट्रकनं टाकावं लागत नाही. जून-जुलैच्या मोठ्या भरतीला मरीन ड्राइव्हच्या कठड्यावरून उडणारं पाणी गाडीच्या टपापासून चेसिसपर्यंत सगळं माखून काढतं.

आधी एक समज दूर करायला हवा. ‘तांबं आणि ॲल्युमिनियम गंजत नाहीत, गंजतं ते लोखंड’ असं आपण धरून चालतो. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर असतो आणि तो धातूला राखतो, हे खरं. पण मिठातला क्लोराइड आयन नेमका हाच थर फोडतो. समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यातले १९ ग्रॅम एकटं क्लोराइड. थर फुटला की उघडं पडलेलं ॲल्युमिनियम अतिशय क्रियाशील असतं. त्यात शेजारी तांबं असेल तर आणखी वाईट. कोणता धातू इलेक्ट्रॉन किती सहज सोडतो हे दाखवणाऱ्या प्रमाण विद्युत विभवाच्या तक्त्यात तांबं अधिक ०.३४ व्होल्टवर आणि ॲल्युमिनियम उणे १.६६ व्होल्टवर आहे. प्रत्यक्ष खाऱ्या पाण्यात ऑक्साइडच्या थरामुळे हा फरक अर्ध्या व्होल्टच्या आसपास उतरतो, पण तेवढाही पुरतो. दोन धातू एकमेकांना टेकलेले आणि दोघांवर मिळून खाऱ्या पाण्याचा पापुद्रा, की झाला विद्युतघट तयार. ॲल्युमिनियम झिजत जातं, तांबं राखलं जातं. पांढरी भुकटी ती ॲल्युमिनियमची. हिरवे डाग मात्र तांब्याचे. ॲल्युमिनियमचा आधार जिथे पोचत नाही तिथे क्लोराइड तांब्यालाही सोडत नाही.

इथपर्यंतचं शाळेत शिकलेलं असतं. मला जे सगळ्यात विलक्षण वाटतं, ते पुढे आहे.

केंब्रिजमध्ये यु. आर. इव्हान्स नावाच्या शास्त्रज्ञानं १९२०च्या दशकात खाऱ्या पाण्याच्या एका थेंबाचा अभ्यास केला. घासून लख्ख केलेला पोलादाचा तुकडा घ्यायचा, त्यावर मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवायचा. थेंबात दोन सूचक मिसळायचे: लोहाचे आयन सुटले की निळं होणारं पोटॅशियम फेरिसायनाइड आणि अल्कली तयार झाली की गुलाबी होणारं फिनॉल्फ्थॅलिन. सुरुवातीला थेंबभर बारीक निळे आणि गुलाबी ठिपके विखुरलेले दिसतात. थोड्या वेळानं ते आपापल्या जागा धरतात. मधोमध निळा डाग, कडेनं गुलाबी वर्तुळ. दोघांच्या मध्ये तपकिरी गंजाचं कडं.

विचार करा, धातू कुठे झिजतो आहे? मधोमध, म्हणजे जिथे पाण्याची जाडी सर्वांत जास्त आणि हवेतला ऑक्सिजन पोचायला सर्वांत अवघड. कडेला पाणी पातळ, तिथे ऑक्सिजन भरपूर, तरी धातू शाबूत. आपली अपेक्षा बरोबर उलटी असते. ऑक्सिजननं गंज चढतो, तर ऑक्सिजन जास्त तिथे गंज जास्त, असं कोणीही म्हणेल. पण गंजणं ही एक क्रिया नसून दोन आहेत आणि त्या एकाच जागी व्हायला लागतात असं नाही. एकीकडे धातू इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतो. दुसरीकडे ऑक्सिजन आणि पाणी ते इलेक्ट्रॉन घेऊन हायड्रॉक्साइड बनवतात. इलेक्ट्रॉन धातूमधून जातात, आयन पाण्यातून. ऑक्सिजन जिथे मुबलक ती जागा इलेक्ट्रॉन खेचणारी, म्हणजे कॅथोड. ऑक्सिजनची वानवा असलेली जागा आपोआप ॲनोड ठरते आणि तीच झिजते. दुसरा धातूसुद्धा लागत नाही. एकाच तुकड्यावर ऑक्सिजनच्या कमी-जास्त प्रमाणातून घट उभा राहतो.

आता थेंबाच्या जागी कनेक्टर आणा. रबरी सील आणि धातूची कड यांच्यामधली केसाएवढी फट, किंवा विणलेली जाळी जिथे क्रिंप करून, म्हणजे धातूच्या कड्यात चेपून बसवली आहे तिथली जागा. पाणी आत गेलं, तिथला ऑक्सिजन थोड्याच वेळात संपला आणि नवा येईना. फटीबाहेरच्या धातूला मात्र ऑक्सिजन मिळतोच आहे. म्हणजे आतली चिमूटभर जागा ॲनोड आणि बाहेरचा सगळा विस्तार कॅथोड. मोठ्या कॅथोडची भूक लहानशा ॲनोडला भागवावी लागते, त्यामुळे झीज खोल आणि वेगानं होते.

एवढ्यावर भागत नाही. आत धातूचे धन आयन साठतात, त्यांचा भार तोलायला बाहेरचे ऋण क्लोराइड आयन आत ओढले जातात. बाहेरचं पाणी साधंच खारट असलं तरी फटीतलं पाणी कितीतरी जास्त खारं होतं. शिवाय धातूचे आयन पाण्याशी क्रिया करून हायड्रॉक्साइड बनवतात आणि मागे हायड्रोजन आयन ठेवतात, म्हणजे आम्ल. फटीतला पीएच चारच्या आणि कधी तीनच्याही खाली जातो. आम्लात ऑक्साइडचा थर टिकत नाही, मग आणखी धातू उतरतो, आणखी क्लोराइड आत येतो. ही क्रिया एकदा लागली की स्वतःच स्वतःला वाढवते. यात मीठ हवंच, पण झीज कुठे आणि किती खोल व्हायची हे फटीची रचना ठरवते. ती रचना वाऱ्यानं केलेली नाही.

पाणी आत जातंच कसं, हाही प्रश्न रास्त आहे. कनेक्टर तर जलरोधक म्हणून दिलेला असतो. समजा गाडी चालून कनेक्टर ८० अंश सेल्सिअसला तापला आहे. मुंबईत पावसात तुंबणाऱ्या हिंदमाताला किंवा मिलन सबवेजवळ गाडी पाण्यात शिरते आणि तो ३० अंशांपर्यंत थंड होतो. केल्विनमध्ये ३५३ वरून ३०३. आत कोंडलेल्या हवेचा दाब त्याच प्रमाणात, म्हणजे सुमारे १४ टक्क्यांनी पडतो. वातावरणाच्या दाबाचे १४ टक्के म्हणजे जवळजवळ दीड मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब! रस्त्यावर पाणी वीतभर असेल, पण सीलवर त्याच्या कितीतरी पट ओढ बसते. सील जुनं होऊन जरा कडक झालं असेल तर थेंबभर पाणी आत ओढलं जातं आणि विणलेली जाळी ते समईच्या वातीसारखी पुढे पुढे नेते.

‘आयपी ६७’ हा जलरोधकतेचा शिक्का आपण विश्वासानं वाचतो. त्याची चाचणी म्हणजे एक मीटर पाण्यात तीस मिनिटं. मात्र त्या चाचणीत पाण्याचं आणि वस्तूचं तापमान यात पाच अंशांहून जास्त फरक चालत नाही. तापलेली वस्तू थंड पाण्यात बुडवण्याच्या चाचण्या वेगळ्या असतात. म्हणून नुसता हा शिक्का पाहून ‘सील चांगलंच होतं, दोष तुमच्या समुद्राचा’ असं कोणी म्हणू नये.

शिरलेलं पाणी वाळत का नाही? याचं उत्तर आपल्या स्वयंपाकघरात आहे. पावसाळ्यात खडेमिठाच्या बरणीत तळाला पाणी सुटतं. शुद्ध सोडियम क्लोराइड हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की बाष्प ओढून विरघळतं. पण समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते अवघ्या ३३ टक्क्यांना पाणी ओढतं. मुलुंड-भांडुपच्या मिठागरांत मीठ जमल्यावर उरलेलं कडू पाणी काढून टाकायचे ते याच्यासाठीच. मुंबईची हवा ३३ टक्क्यांच्या खाली क्वचितच उतरते. म्हणजे कनेक्टरमध्ये एकदा शिरलेलं समुद्राचं मीठ जवळपास बारा महिने ओलं राहतं. जुलैत सुरू झालेली झीज जानेवारीतही चालू असते.

हायब्रिडमध्ये याची झळ लवकर लागते, कारण इथला उच्च दाबाचा विद्युतमार्ग गाडीच्या लोखंडी सांगाड्यापासून पूर्ण वेगळा ठेवलेला असतो. हा वेगळेपणा किती टिकला आहे हे गाडीचा संगणक सतत मोजतो. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियम क्रमांक १०० मध्ये डीसीसाठी दर व्होल्टला किमान १०० ओहम आणि एसीसाठी ५०० ओहम रोध मागितला आहे. २०० व्होल्टच्या बॅटरीला हिशेब येतो २०,००० ओहमचा. खारा पापुद्रा नारिंगी तारेपासून जाळीपर्यंत पोचला की रोध याच्या खाली कोसळतो आणि संगणक गाडी बंद ठेवतो. काही कंपन्यांच्या गाड्यांत यासाठी ‘पी०एए६’ हा कोड येतो. ‘हायब्रिड गाडी तुंबलेल्या पाण्यात गेली की शॉक बसतो’ अशी भीती घालणारे संदेश दर पावसाळ्यात फिरतात. ही व्यवस्था तसं होऊ नये म्हणूनच आहे. नारिंगी केबलला हात मात्र प्रशिक्षित तंत्रज्ञानेच लावायचा.

भीतीवर धंदाही उभा राहतो. बॅटरीला जोडायचं एक छोटं यंत्र ‘इलेक्ट्रॉनिक गंजरोधक’ म्हणून विकलं जातं. ते पूर्ण गाडी राखतं, असा दावा असतो. मूळ तत्त्व खोटं नाही. १८२४ मध्ये हम्फ्री डेव्हीनं ब्रिटिश आरमाराच्या जहाजांचा तांब्याचा पत्रा जस्त आणि लोखंडाचे तुकडे जोडून राखून दाखवला. पण जहाज समुद्रात बुडालेलं असतं, जमिनीतली पाइपलाइन ओल्या मातीत असते, म्हणून संरक्षक प्रवाहाला सलग वाट मिळते. गाडी हवेत उभी असते. तिच्यावरचे ओले पापुद्रे तुटक असतात आणि प्रवाह त्यांच्यापर्यंत पोचणारच नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं १९९०च्या दशकात अशाच एका यंत्राच्या दाव्यांवर कारवाई केली होती. त्यावर पैसे घालवू नका. लिंबू-मिरचीवरही विसंबू नका. भरतीच्या पाण्यात गाडी भिजली तर त्याच दिवशी गोड्या पाण्यानं खालून धुऊन घ्या, पण प्रेशर जेटचा झोत कनेक्टरवर मारू देऊ नका.

आता वॉरंटी. बहुतेक पुस्तिकांत मीठ, हवेतली रसायनं, पूर अशा कारणांनी झालेलं नुकसान वगळलेलं असतं. गंजाची वेगळी वॉरंटी दिलेली असली तरी ती पत्र्याला आरपार भोक पडलं तर लागू होते. कनेक्टर तिच्यात येत नाही. बॅटरीला भारतात अनेक हायब्रिडवर आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर मिळतात. केबल त्यात मोडते की नाही, हे पुस्तिकेच्या भागांच्या यादीत पाहावं लागतं. विम्याचंही तसंच. पुराचं पाणी शिरून झालेलं नुकसान मिळू शकतं, पण सावकाश चढलेला गंज झीज म्हणून नाकारला जातो. ग्राहक दोन्हीकडून कोरडा राहतो.

म्हणून वाद ‘मीठ होतं की नाही’ यावर घालू नये. मीठ होतंच. गंज कुठून सुरू झाला, हे विचारावं. बाहेरचं आवरण फुटलेलं असेल तर कारण बाहेरचं. आवरण धड असून सीलच्या आत, क्रिंपच्या मुळाशी झीज सर्वांत खोल असेल, तर पाणी सीलनं आत घेतलं आहे, आणि सील हा गाडीचाच भाग आहे. मुंबईत विकलेल्या गाडीला समुद्राची हवा लागणार हे विकणाऱ्याला आधीच ठाऊक असतं.

स्नेह्यांना मी एवढंच सांगितलं: कनेक्टर उघडतानाचे फोटो मागा, रोधाचं मोजलेलं माप आणि फॉल्ट कोड जॉब कार्डवर लिहून घ्या, कोणत्या कलमाखाली नकार दिला ते लेखी मागा आणि काढलेला भाग साफ न करता परत घ्या, कारण ती भुकटीच पुरावा आहे. नकार कायम राहिला तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे आणि तिच्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार, दोष चाचणीशिवाय ठरवता येत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. तिथे कनेक्टर उभा कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की झिजेची खोली आणि तिची सुरुवात दोन्ही दिसतात. स्नेह्यांनी तो भाग प्लॅस्टिकच्या पिशवीत सीलबंद करून ठेवला आहे आणि कंपनीकडे लेखी उत्तर मागितलं आहे.