पेयरोतेओ, फेर्नांदो

पेयरोतेओ, फेर्नांदो : (१० मार्च १९१८ – २८ नोव्हेंबर १९७८). पोर्तुगीज फुटबॉलपटू, लिस्बनच्या स्पोर्टिंग क्लबचा सेंटर फॉरवर्ड. जन्म अंगोलातल्या हुंपाता या गावी. अंगोला तेव्हा गोव्याप्रमाणेच पोर्तुगालच्या अमलाखाली होता. मातातेऊ, कोलुना, युझेबियो असे वसाहतींतून आलेले खेळाडू पुढे पोर्तुगीज फुटबॉलमध्ये गाजले, पण पेयरोतेओ त्यांच्या बराच आधीचा. लुआंडात खेळून तो १९३७ मध्ये लिस्बनला आला आणि निवृत्त होईपर्यंत, म्हणजे बारा हंगाम, स्पोर्टिंगकडूनच खेळला.

लीगच्या १९७ सामन्यांत त्याचे ३३२ गोल आहेत. जुन्या सामन्यांच्या मोजणीत एखाददुसऱ्या गोलाचा फरक सापडतो, पण पोर्तुगीज लीगमध्ये सर्वाधिक गोल त्याचेच, याबद्दल वाद नाही. युझेबियो त्याच्या मागे आहे, तेही कितीतरी जास्त सामने खेळून. ‘त्या काळी बचाव कच्चा होता’ हा आक्षेप नेहमी घेतला जातो. तो खोटा नाही. १९४२ मध्ये लेसा या संघाला स्पोर्टिंगने १४–० असे झोडपले आणि त्यांतले ९ गोल एकट्या पेयरोतेओचे होते. पण तोच बचाव बाकीच्या आघाडीपटूंच्याही समोर होता. त्यांच्यापैकी कुणालाही सामन्यामागे दीडपेक्षा जास्त गोलांची सरासरी बारा हंगाम टिकवता आली नाही.

१९४६ ते १९४९ या तीन हंगामांत स्पोर्टिंगची आघाडीची फळी ‘पाच व्हायोलिन’ या नावाने ओळखली गेली. उजवीकडून जेझुस कोरेया, वास्केस, मधोमध पेयरोतेओ, मग त्रावासोस आणि डाव्या टोकाला अल्बानो. कोरेया रोलर हॉकीतही नामांकित होता. त्रावासोस १९५५ मध्ये युरोपच्या निवडक संघातून खेळणारा पहिला पोर्तुगीज ठरला. नाव पाच जणांना मिळून असले तरी कामाची वाटणी सारखी नव्हती. चौघांनी चेंडू आणून द्यायचा आणि धिप्पाड, दोन्ही पायांनी जोरकस फटका मारणाऱ्या पेयरोतेओने तो जाळ्यात धाडायचा. १९४६–४७ मध्ये स्पोर्टिंगने २६ सामन्यांत १२३ गोल केले, त्यांतले ४३ त्याचे. एका हंगामातला हा विक्रम १९७४ मध्ये मोडला, तोही स्पोर्टिंगच्याच याझाल्देने.

कारकिर्दीतली सर्वांत चुरशीची लढत २५ एप्रिल १९४८ ची. गुण सारखे झाले तर दोन संघांच्या आपसांतल्या सामन्यांचे गोल मोजायचे, असा तेव्हा नियम होता. पहिल्या फेरीत बेनफिका या लिस्बनच्याच दुसऱ्या संघाने स्पोर्टिंगला ३–१ असे हरवले होते. परतीच्या सामन्यात, बेनफिकाच्याच मैदानावर, स्पोर्टिंग ४–१ ने जिंकले आणि चारही गोल पेयरोतेओचे. हंगामाअखेर दोघांचे गुण खरोखरच सारखे झाले आणि आपसांतल्या ५–४ अशा एका गोलाच्या फरकाने विजेतेपद स्पोर्टिंगला मिळाले. लिस्बनकरांनी त्याला ‘पिरोलितोचे विजेतेपद’ म्हटले. पिरोलितो म्हणजे आपल्याकडच्या गोटी सोड्यासारख्या बाटलीतले पेय. बाटलीच्या गळ्यात एकच गोटी, तसा हा एकच गोल.

पाच लीग विजेतेपदे आणि चार पोर्तुगीज चषक त्याच्या वाट्याला आले. लीगमधला सर्वाधिक गोल करणारा खेळाडू तो सहा वेळा ठरला. राष्ट्रीय संघाकडून मात्र जेमतेम २० सामने. महायुद्धामुळे आंतरराष्ट्रीय सामनेच मोजके होत. विश्वचषकात तो कधी खेळला नाही. १९३८ च्या पात्रता सामन्यात मिलानमध्ये स्वित्झर्लंडविरुद्ध त्याने गोल केला, पण पोर्तुगाल १–२ ने हरले. मे १९४७ मध्ये इंग्लंडने लिस्बनजवळ पोर्तुगालचा १०–० असा धुव्वा उडवला. त्या दिवशी मैदानात तोही होता.

१९४९ मध्ये, अवघ्या ३१ व्या वर्षी, तो थांबला. त्याचे क्रीडासाहित्याचे दुकान कर्जात बुडाले होते. निरोपाच्या सामन्याचे उत्पन्न ते कर्ज फेडण्यात गेले.

१९६१ मध्ये राष्ट्रीय संघाची सूत्रे त्याच्याकडे आली. ८ ऑक्टोबरला लक्झेंबर्गसारख्या दुबळ्या संघाने पोर्तुगालला ४–२ असे हरवले, पाठोपाठ लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर इंग्लंडने २–० असे. प्रशिक्षक म्हणून त्याची कारकीर्द तिथेच संपली. लक्झेंबर्गमधल्या त्या सामन्यात मात्र त्याने मोझांबिकहून आलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा राष्ट्रीय संघात उतरवले होते, आणि त्या मुलाने, युझेबियोने, गोलही केला.