अळी, अयी आणि एरिक कार्ल

पारोळा तालुक्यातल्या आमच्या जिल्हा परिषद शाळेत दरवर्षी जुलैत मी पहिलीच्या वर्गासमोर एक पुस्तक उघडतो. जाड पुठ्ठ्याची पानं, पानापानाला गोल भोकं आणि मुखपृष्ठावर लाल तोंडाची हिरवी अळी. पुस्तक इंग्रजी आहे, पण मजकूर अवघा २२४ शब्दांचा. तो मी अहिराणीत सांगतो. मुखपृष्ठ दाखवलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सर, हाई अयी कपाशीनी शे का?"

हा प्रश्न खान्देशातलंच पोर विचारू शकतं. आमच्याकडे अळी हा रात्री जेवताना काळजीने उच्चारायचा शब्द आहे. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने राज्यभर कपाशीचं जे केलं, ते या मुलांच्या घरांत आजही बोललं जातं. यातल्या कित्येकांनी आईबरोबर शेतात डोमकळ्या तोडल्या आहेत. अळी आत शिरलेलं फूल उमलत नाही, पाकळ्या मिटून गुलाबाच्या कळीसारख्या होतात, ती डोमकळी. मादीच्या वासाने बोंडअळीचे पतंग ओढून घेणाऱ्या कामगंध सापळ्यात रात्री किती पतंग अडकले हे मोजायचं कामही घरात बहुधा पोरांकडेच असतं. अशा मुलांना अळीची माया वाटेल असं पुस्तक कुणी आणि का केलं असेल? आमच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत एका सहकाऱ्याने हे विचारलं, तेव्हा मला दोन वाक्यांपलीकडे सांगता आलं नाही. त्यानंतर जे वाचलं, ते इथे मांडतो आहे.

पुस्तक 'द व्हेरी हंग्री कॅटरपिलर', म्हणजे फार भुकेली अळी, साल १९६९. एक अळी आठवडाभर रोज वाढतं खात जाते आणि शेवटी तिचं फुलपाखरू होतं, एवढीच गोष्ट. लेखक आणि चित्रकार एकच, एरिक कार्ल.

कार्लचा जन्म २५ जून १९२९ चा, अमेरिकेतल्या सिरॅक्यूज गावचा. आईवडील जर्मनीहून पोटापाण्यासाठी आलेले. तिथल्या पहिलीच्या वर्गाची त्याची आठवण त्याने आयुष्यभर सांगितली. उन्हाने भरलेली खोली, मोठाले कागद, जाड कुंचले, रंग. पोराच्या हातात चित्र आहे, ते जपा, असं बाईंनी त्याच्या आईला बोलावून सांगितलं. आईने ते शेवटपर्यंत मनावर घेतलं. पण तिला माहेरच्या मुलखाची ओढ होती. १९३५ साली कुटुंब जर्मनीत श्टुटगार्टला परतलं. एरिक तेव्हा सहा वर्षांचा होता आणि देश हिटलरच्या ताब्यात गेला होता.

नव्या शाळेत कागद लहान, पेन्सिल टणक, हाती पट्टी, आणि चूक करायची नाही अशी ताकीद. पहिल्या काही दिवसांतच मास्तरांनी त्याला वेताच्या छड्या मारल्या, दोन्ही हातांवर तीन-तीन. भाषा बदलली, देश बदलला. वर्गही बदलला. हाच वर्ग पुढे त्याच्या सगळ्या कामाच्या मुळाशी राहिला. आईच्या पोटातून बाहेर येणं हा माणसाला बसणारा पहिला मोठा धक्का आणि घर सोडून शाळेत जाणं हा दुसरा, असं तो पुढे म्हणत असे. या दोन ठिकाणांमध्ये पूल बांधायचा म्हणून आपण पुस्तकं करतो, असंही त्याने अनेकदा सांगितलं. म्हणून त्याचं पुस्तक अर्धं खेळणं असतं. त्याला हात लावायचा, त्याच्या भोकात बोट घालायचं.

हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. आमच्या पहिलीत येणारं पोर घरून अहिराणी घेऊन येतं. केळीला केयी म्हणतं, डोळ्याला डोया, अळीला अयी. आणि पहिल्याच आठवड्यात त्याला ऐकू येतं, 'अयी नाही रे, अळी म्हण.' मी स्वतः कित्येक वर्षं असं म्हणत आलो. माझ्या लहानपणी मलाही असंच दुरुस्त करत होते, आणि मग मी वर्गात बोलायचंच सोडून दिलं होतं, हे मी विसरलो कसा? छडी आता कुठल्या शाळेत नाही. टणक पेन्सिल मात्र आहे.

कार्लला तारलं ते वडिलांनी. रविवारी ते त्याला रानात फिरायला नेत. दगड उचलून खालचे किडे दाखवत, झाडाची साल सोलून मुंग्या दाखवत, कोण काय खातं ते सांगत आणि दगड होता तसा ठेवून देत. त्या किड्याला पुन्हा त्याच्या घरी सोडायचं हा नियमच होता. कार्लच्या पुस्तकांत कोळी, रातकिडा, काजवा, ढालकिडे असा लहान जिवांचा मेळा आहे, तो या रविवारांतून आला. पण ते रविवार संपले. १९३९ साली वडिलांना सैन्यात नेलं. पुढे ते रशियनांचे युद्धकैदी झाले आणि १९४७ साली घरी परतले ते हाडं उरलेला, मनाने मोडलेला माणूस म्हणून. एरिक तेव्हा अठरा वर्षांचा होता. मधली आठ वर्षं कुणी परत दिली नाहीत.

त्या काळातली एक घटना मी मुलांनाही सांगतो, फक्त थोड्या मोठ्या, चौथीच्या मुलांना. कार्ल बारा-तेरा वर्षांचा असेल. चित्रकलेचे शिक्षक क्राउस यांनी एके दिवशी त्याला घरी बोलावलं आणि लपवून ठेवलेल्या चित्रांच्या छापील प्रती पुढ्यात मांडल्या. पिकासो, मातीस, क्ले, कॅन्डिन्स्की, फ्रान्झ मार्क. सरकारच्या लेखी ही कला हिणकस होती, बंदी होती तिच्यावर. कुणाला सांगू नकोस, पण असं मोकळं रंगवता येतं हे लक्षात ठेव, एवढंच क्राउस म्हणाले. मार्कचा निळा घोडा पाहून ते पोर प्रथम बावरलंच. सत्तर वर्षांनी, २०११ मध्ये, कार्लने एक पुस्तक केलं. निळा घोडा, लाल मगर, हिरवा सिंह, आणि सगळं फ्रान्झ मार्कच्या स्मरणार्थ. चुकीच्या रंगात रंगवायला कुणीतरी परवानगी द्यावी लागते, ती त्याला एका मास्तरने दिली होती, स्वतःचा जीव धोक्यात घालून.

पंधराव्या वर्षी त्याला सीमेवर खंदक खणायला धाडलं. पहिल्याच दिवशी काही पावलांवर तीन माणसं मारली गेली. यापलीकडे तो त्या दिवसांविषयी फारसं बोलत नसे.

युद्धानंतर श्टुटगार्टच्या कला अकादमीतून १९५० साली तो बाहेर पडला आणि १९५२ मध्ये न्यूयॉर्कला उतरला. खिशात ४० डॉलर, काखेत कामाची फाइल. 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये नोकरी लागली, मग अमेरिकन सैन्यात सक्तीची भरती, आणि पाठवणी झाली ती जर्मनीतच. परतल्यावर बरीच वर्षं त्याने जाहिरात कंपनीत काढली. मुलांच्या पुस्तकाकडे तो तिशी उलटून गेल्यावर वळला, तेही कुणी हाक मारली म्हणून. बिल मार्टिन नावाच्या लेखकाने एका जाहिरातीत त्याने केलेला लाल शेवंडा पाहिला आणि आपल्या कवितेला चित्रं काढायला हाच माणूस हवा असं ठरवलं. १९६७ चं 'ब्राउन बेअर, ब्राउन बेअर, व्हॉट डू यू सी?' हे पुस्तक त्यातून झालं. ते काम करताना सिरॅक्यूजची ती उन्हाची खोली आणि मोठाले कागद आपल्याला परत दिसू लागले, असं कार्लने लिहिलं आहे.

अळीचा जन्म मात्र कचेरीतल्या पंचिंग मशीनमध्ये झाला. कागदांच्या गठ्ठ्याला भोकं पाडताना कार्लच्या मनात आलं की हे पुस्तक खाणाऱ्या किड्याने केल्यासारखं दिसतं आहे. त्याने विली नावाच्या किड्याची आठवड्याभराची गोष्ट रचली. संपादक ॲन बेनेड्यूस यांना कल्पना आवडली, किडा आवडला नाही. अळी केली तर? त्यांनी विचारलं, आणि कार्ल तत्काळ म्हणाला, फुलपाखरू! त्या एका शब्दात पुस्तकाचा शेवट ठरला. पंचाईत छपाईची होती. सोमवार ते शुक्रवारची पानं वाढत्या रुंदीची, प्रत्येकाला वेगळी भोकं. अमेरिकेत परवडेल अशा खर्चात हे करून देणारा छापखाना मिळेना. शेवटी बेनेड्यूसना जपानमध्ये तो मिळाला आणि पहिली आवृत्ती तिकडे छापली गेली. आज या पुस्तकाच्या ५ कोटींहून जास्त प्रती खपल्या आहेत आणि ते ६० हून अधिक भाषांत गेलं आहे.

चित्रांची त्याची रीत आमच्या आयाबायांना चटकन समजते. पतंगाला लावतात तसला पातळ कागद घ्यायचा, त्यावर ॲक्रिलिक रंगाचे फटकारे मारायचे, कधी बोटांनी, कधी स्पंजने, कधी गालिच्याच्या तुकड्याने. वाळले की रंगाप्रमाणे खणांत लावून ठेवायचे. चित्र करायच्या वेळी त्यातून तुकडे कापायचे आणि खळीने एकावर एक चिकटवायचे. पालक सभेत एका आजीला मी ही पानं दाखवली, तर त्या लगेच म्हणाल्या की ही गोधडीच आहे. तुकड्याला तुकडा जोडायचा, पण कुठला कुठे बसेल ते हाताला आधी कळावं लागतं.

आता कोषाविषयी. इंग्रजी वाचकांनी कार्लला अनेक वर्षं एका चुकीसाठी धरलं. पतंगाची अळी स्वतःभोवती रेशमी वेष्टन विणते, त्याला इंग्रजीत ककून म्हणतात. फुलपाखराची अळी बहुधा असं काही विणत नाही, तिची कात गळून उघडा कोष राहतो, तो क्रिसॅलिस. कार्लच्या पुस्तकात ककूनमधून फुलपाखरू निघतं. त्याचं उत्तर दोन भागांत होतं. एक, पार्नासियस गटातली फुलपाखरं खरोखरच जाळीदार ककून करतात. दुसरं मला अधिक महत्त्वाचं वाटतं. तो लहानपणी घुम्यासारखा बसला की वडील म्हणत, एरिक, तुझ्या ककूनमधून बाहेर ये. तो शब्द त्याला वडिलांनी दिला होता, म्हणून तो त्याने बदलला नाही. मराठीत हा वाद उरतच नाही. आपण दोन्हीला कोषच म्हणतो, पाठ्यपुस्तकातही अंडे, अळी, कोष, फुलपाखरू एवढंच असतं. आपल्या भाषेने ती गाठ आधीच सोडवून ठेवली आहे.

नंतरच्या पुस्तकांतही त्याने पानाला कागदापलीकडे नेलं. १९८४ च्या कोळ्याच्या पुस्तकात जाळं उठावाचं आहे, डोळे मिटून बोटाने वाचता येतं. १९९० च्या रातकिड्याच्या पुस्तकात शेवटचं पान उघडलं की किर्र आवाज येतो. २००२ साली त्याने पत्नी बार्बरासह अमेरिकेतल्या ॲमहर्स्टला चित्रपुस्तकांच्या चित्रांचं संग्रहालय उभं केलं. २३ मे २०२१ रोजी, ९१ व्या वर्षी तो गेला.

माझ्या लहानपणी गावात चित्रांचं पुस्तक म्हणजे एसटी स्टँडवरच्या दुकानातला 'चांदोबा', आणि कधी नशिबाने धुळ्याहून कुणी आणलेलं, मॉस्कोत छापलेलं गुळगुळीत पानांचं मराठी पुस्तक. शेजारच्या अमळनेरला साने गुरुजी छात्रालयातल्या मुलांसाठी हाताने दैनिक लिहून काढत, हे आम्हाला शाळेत सांगितलं जाई. मुलांसाठी कुणीतरी बसून, मन लावून काही करतं, याचं ते एक उदाहरण आमच्या मुलखात होतं. रंगीत पान मात्र आमच्या हातात क्वचित पडलं.

वर्गात आम्ही पुस्तक दोनदा वाचतो. पहिल्यांदा त्यातलं सफरचंद, नासपती, आलुबुखार आहे तसं. दुसऱ्यांदा मुलं स्वतः सांगतात. सोमवारी एक पेरू, मंगळवारी दोन केयी, बुधवारी तीन सीताफळं. शनिवारी मूळ पुस्तकातली अळी केक, आइस्क्रीम, लोणचं, चीज असं दहा तऱ्हेचं खाते आणि रात्री तिचं पोट दुखतं. आमच्या वर्गातली अळी वांग्याचं भरीत, कळण्याची भाकर, शेवभाजी, खापरावरची पुरणपोळी, भजी आणि वर टरबूज खाते. कपाशीचं बोंड तिने खायचं की नाही यावर मतदान होतं. गेल्या वर्षी 'नाही' जिंकलं, अकरा विरुद्ध तीन.

मग आम्ही शाळेमागच्या बांधावर जातो. तिथे रुईची झुडपं आहेत आणि पावसाळ्यात त्यांवर काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या, पाठीवर शिंगांसारखे काळे तंतू असलेल्या अळ्या हमखास सापडतात. एक अळी, सोबत रुईची चार पानं, काचेच्या बरणीत. तोंडाला फडकं बांधायचं, रोज ताजं पान द्यायचं. सुरुवातीला दोघीतिघी जवळ येत नाहीत, घरी अळी दिसली की चिरडायची हीच त्यांना सवय. एके सकाळी बरणीत अळी नसते. फडक्याला उलटा टांगलेला फिकट हिरवा कोष असतो, त्यावर सोन्याचे बारीक ठिपके. मग वर्ग आपोआप हळू आवाजात बोलायला लागतो.

गेल्या श्रावणात आठ-दहा दिवसांनी कोष पारदर्शक झाला, आतले केशरी पंख दिसू लागले. मधल्या सुट्टीत तो उकलला. ओले पंख वाळेपर्यंत मुलं डब्याला हात न लावता बसून होती. फडकं सोडलं, फुलपाखरू आधी खिडकीच्या गजावर बसलं, मग बांधाकडे गेलं. शाळा सुरू झाल्यापासून महिनाभर तोंडही न उघडलेला एक मुलगा माझ्या शर्टाची बाही ओढत म्हणाला, "सर, आपली अयी उडी गई."

मी म्हणालो, "हा रे. उडी गई."