ब्लॅक कॉफी (न्कोसिनाथी मापुमुलो)

ब्लॅक कॉफी : (११ मार्च १९७६ – ). दक्षिण आफ्रिकेतील हाऊस संगीताचा (क्लबांत नाचण्यासाठीच्या इलेक्ट्रॉनिक संगीताचा एक प्रकार) डीजे आणि संगीतनिर्माता. मूळ नाव न्कोसिनाथी इनोसंट मापुमुलो. आफ्रिकेत रुजलेले हाऊस संगीत युरोप-अमेरिकेच्या मोठ्या मंचांवर नेणाऱ्यांत त्याचे नाव अग्रभागी आहे. २०२२ मध्ये नृत्य व इलेक्ट्रॉनिक संगीताच्या अल्बमसाठीचे ग्रॅमी पारितोषिक त्याला मिळाले. या विभागात ते मिळवणारा तो पहिला आफ्रिकी कलावंत. मात्र त्याची खरी कामगिरी त्याआधीच्या पंधरा-सतरा वर्षांत आहे. त्यातला बराच काळ तो मुख्यतः घरच्या श्रोत्यांसाठी संगीत करत होता.

त्याचा जन्म डर्बनलगतच्या उमलाझी या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतला. बालपण मात्र ईस्टर्न केपमधील म्थाथा येथे आजीच्या घरी गेले. म्थाथा ही तेव्हा ट्रान्स्कायची राजधानी होती. वर्णभेदी राजवटीने १९७६ मध्ये ‘स्वतंत्र’ म्हणून जाहीर केलेला, पण संयुक्त राष्ट्रांनी मान्यता नाकारलेला हा प्रदेश. नेल्सन मंडेला यांचे कुनू हे गाव तिथून जवळच आहे. ११ फेब्रुवारी १९९० रोजी मंडेला तुरुंगातून सुटणार ही बातमी आली तेव्हा म्थाथातले लोक आदल्या रात्रीच रस्त्यावर उतरले. त्या जल्लोषात एक मोटार गर्दीत घुसली. जखमींमध्ये १३ वर्षांचा न्कोसिनाथीही होता. खांद्यातून हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंना इजा झाली आणि डावा हात कायमचा निकामी झाला.

शाळेनंतर तो डर्बनला परतला आणि नाताळ टेक्निकॉन (आजचे डर्बन तंत्रविज्ञान विद्यापीठ) येथे जॅझ शिकला. गिटारवादक मदाला कुनेने यांच्यामागे त्याने सहगायक म्हणून साथ केली. पुढे शोटा आणि डेमोर या मित्रांसह ‘शाना’ नावाचा गायकगट काढला. २००३ मध्ये केपटाऊनला भरलेल्या रेड बुल म्युझिक अकादमी या तरुण संगीतकारांच्या कार्यशाळेसाठी त्याची निवड झाली आणि गायकीकडून निर्मितीकडे त्याचा ओढा पक्का झाला.

त्याचे काम समजून घ्यायचे तर दक्षिण आफ्रिकेत हाऊसला काय स्थान आहे ते आधी पाहावे लागते. हाऊसचा उगम अमेरिकेतील शिकागोचा, १९८० च्या दशकातला. तिथल्या कृष्णवर्णीय व समलिंगी तरुणांच्या क्लबांतून ते वाढले, पण अमेरिकेच्या मुख्य प्रवाहाने त्याला बराच काळ दारातच ठेवले. दक्षिण आफ्रिकेत उलटे झाले. वर्णभेद संपण्याच्या सुमारास परदेशी हाऊस तबकड्या जोहान्सबर्गच्या क्लबांत आणि वस्त्यांत पोहोचल्या. काही डीजेंनी त्यांची गती उतरवून त्यांवर झुलू, सोथो आणि वस्तीतल्या मिश्र बोलींतले शब्द घातले. त्यातून १९९० च्या दशकात क्वाइतो उभे राहिले. क्वाइतोचा भर ओसरल्यावर खुद्द हाऊसच त्या देशाचे लोकप्रिय संगीत झाले. लग्नात, रेडिओवर, मिनीबस टॅक्सीत, अंत्यविधीनंतरच्या जमावातसुद्धा ते वाजते. टॅक्सीचालकांनी उचललेले गाणे देशभर जाते, हे तिथल्या निर्मात्यांचे जुने गणित. दुसऱ्या कुठल्या देशात हाऊसला इतका सर्वसामान्य श्रोता लाभल्याचे दिसत नाही. ब्लॅक कॉफी या श्रोत्यांतूनच वर आला.

या शैलीला आज ‘आफ्रो हाऊस’ म्हणतात. चार मात्रांपैकी प्रत्येक मात्रेवर बेस ड्रमचा ठोका, मिनिटाला सुमारे १२० ते १२५ ठोके, हा सांगाडा शिकागोचाच. त्यावर हाताने वाजवायच्या ढोलांचे आणि खुळखुळ्यांचे आडवे ठेके चढतात, मात्रेच्या अलीकडे-पलीकडे पडणारे. ब्लॅक कॉफीच्या निर्मितीत हे थर दाट असले तरी आवाज कधी अंगावर येत नाही. सूर थोडे, पियानोचे स्वरमेळ मोकळे, गायकाच्या आवाजाभोवती भरपूर जागा. युरोपातल्या मोठ्या नृत्यमहोत्सवांत ताण वाढवत नेऊन एका क्षणी स्फोट करण्याची जी रीत आहे, ती त्याने सहसा वापरली नाही. जॅझचे शिक्षण इथे कामी आलेले ऐकू येते.

रंगमंचावर तो सगळे एका उजव्या हाताने करतो. डावा हात बहुधा खिशात. गाण्याची गती जुळवणे, चकती पुढे-मागे ढकलणे, मिश्रकावरच्या (मिक्सर) कळा फिरवणे ही कामे इतर डीजे दोन्ही हातांनी वाटून करतात. त्याला ती एकामागून एक करावी लागतात. एक गाणे दुसऱ्यात सावकाश, लांबवर मिसळत नेण्याची त्याची पद्धत या मर्यादेतून आली की आवडीतून, हे ठरवण्यात फारसा अर्थ नाही. अपघाताबद्दल त्याने अनेक वर्षे उघडपणे बोलणे टाळले होते, त्यामुळे खिशातला हात ही पुष्कळांना एक लकबच वाटे. २०१० मध्ये जोहान्सबर्गलगतच्या सोवेटोतील मापोन्या मॉल येथे त्याने सलग ६० तास वादन केले. विश्वविक्रमाचा हा प्रयत्न त्याने अपंगांसाठी काढलेल्या आपल्या संस्थेकडे लक्ष वेधण्यासाठी केला होता.

२००५ हे कारकिर्दीतले निर्णायक वर्ष. त्या वर्षी त्याने ‘सोलिस्टिक म्युझिक’ ही स्वतःची ध्वनिमुद्रण कंपनी काढली आणि ‘ब्लॅक कॉफी’ याच नावाचा पहिला अल्बम प्रसिद्ध केला. त्यातले गाजलेले गाणे म्हणजे दक्षिण आफ्रिकेचे ट्रम्पेटवादक व गायक ह्यू मासेकेला यांच्या ‘स्टिमेला’ची नवी बांधणी. मूळ गाणे १९७० च्या दशकातले, मासेकेला परागंदा असतानाचे. शेजारच्या देशांतून मजूर भरभरून जोहान्सबर्गच्या सोन्याच्या खाणींकडे नेणाऱ्या कोळशाच्या आगगाडीचे ते गाणे. मासेकेला त्यात तोंडाने गाडीचे फुत्कार आणि शिटी काढतात. अशा गाण्याला नाचाचा ठेका लावणे धोक्याचे होते. दुःखाची करमणूक होऊन बसली असती. ब्लॅक कॉफीने गाडीच्या चाकांची लयच ठेक्याचा आधार केली, त्यामुळे गाणे नाचण्याजोगे झाले आणि त्यातला आक्रोशही पुसला गेला नाही. वर्णभेद न पाहिलेली पिढी मासेकेलांकडे वळली त्यात या गाण्याचा वाटा आहे.

त्यानंतर ‘हॅव अनदर वन’ (२००७) आणि ‘होम ब्रूड’ (२००९) आले. ‘होम ब्रूड’च्या काळातले, गायिका बुसी हिच्या आवाजातले ‘सुपरमॅन’ हे त्याच्या शैलीचा उत्तम नमुना म्हणता येईल : जवळजवळ कुजबुजीत गायलेले, एकाच भावावर थांबलेले, कुठेही घाई नसलेले. ‘आफ्रिका रायझिंग’ (२०१२) मध्ये त्याने २४ वादकांचा वाद्यवृंद सोबत घेतला. हा कार्यक्रम डर्बनच्या मोझेस मबीदा स्टेडियमवर झाला होता. (फुटबॉलसाठी बांधलेल्या या मैदानावर जानेवारी २०११ मध्ये भारत-दक्षिण आफ्रिका टी-२० सामना, मखाया न्टिनीच्या निरोपाचा, खेळला गेला होता, मराठी क्रिकेटरसिकांना ते त्यावरून आठवेल.) वाद्यवृंदाचा तो थाट काही ठिकाणी गरजेपेक्षा भारी झाला आहे, पण हाऊसचा डीजे स्टेडियमभर श्रोते जमवतो हे तिथल्या लोकांना मुळीच नवलाचे वाटले नाही. ‘पीसेस ऑफ मी’ (२०१५) हा घरच्या श्रोत्यांसाठीचा शेवटचा मोठा अल्बम. त्याआधीच्या वर्षांत सोलिस्टिकने कुलो डे साँगसारखे तरुण निर्माते पुढे आणले.

परदेशातली चढण इबिझामार्गे झाली. स्पेनच्या या बेटावर उन्हाळाभर जगातले क्लब-संगीत एकवटते. तिथल्या डीजे अवॉर्ड्समध्ये २०१५ ला नवोदित म्हणून आणि २०१६ ला डीप हाऊस या हाऊसच्या उपशैलीसाठी त्याला गौरवले गेले. २०१६ मध्येच अमेरिकेतील बीईटी (ब्लॅक एंटरटेनमेंट टेलिव्हिजन) या वाहिनीचे पारितोषिकही मिळाले. ‘स्पेस’ हा जुना, नावाजलेला क्लब बंद होऊन त्याच जागी २०१७ मध्ये ‘हाय इबिझा’ सुरू झाला आणि शनिवारची रात्र त्याच्याकडे आली. ती जागा त्याने हंगामामागून हंगाम राखली. पाहुणा म्हणून एखाद-दुसरी रात्र वाजवणे वेगळे. तिकीट काढून येणारे हजारो लोक दर आठवड्याला टिकवून धरणे वेगळे. दक्षिण आफ्रिकी संगीताला युरोपात कायमचे गिऱ्हाईक मिळाले ते या शनिवारांमुळे.

मार्च २०१७ मध्ये कॅनडाचा रॅपगायक ड्रेक याने ‘मोअर लाइफ’ या संग्रहातील ‘गेट इट टुगेदर’ हे गाणे थेट ‘सुपरमॅन’वर उभे केले, आवाज ड्रेकबरोबर ब्रिटिश गायिका जोर्जा स्मिथचा. ब्लॅक कॉफीचे नाव श्रेयात होते. गाणे मुळात बुसीच्या गळ्यातून लोकप्रिय झाले होते, हे मात्र परदेशी श्रोत्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक झाले. १९८० च्या दशकात अमेरिकी गायक पॉल सायमनच्या ‘ग्रेसलँड’ या अल्बममधून दक्षिण आफ्रिकेचा लेडीस्मिथ ब्लॅक माम्बाझो हा गायकगट जगापुढे आला होता, त्या प्रसंगाशी याची तुलना होते. फरक इतका, की ब्लॅक कॉफी तोवर स्वतःच्या कंपनीचा मालक होता आणि ड्रेक येण्याआधीच इबिझाला पोहोचला होता.

‘सबकॉन्शसली’ हा अल्बम फेब्रुवारी २०२१ मध्ये निघाला. फॅरेल विल्यम्स, अशर, डेव्हिड गेटा अशी नावे त्यात आहेत, शिवाय मसाकी, सन-एल म्युझिशियन हे मायदेशचे कलावंतही. एप्रिल २०२२ मध्ये याच अल्बमला ग्रॅमी मिळाले. निर्मिती चोख आहे, गाणी सफाईदार आहेत; पण ही त्याची सर्वांत कमी हाऊस असलेली तबकडी. लांब, वळसे घेत जाणारे ठेके इथे रेडिओच्या मापात कापले गेले आहेत. पारितोषिक देणाऱ्यांनी अल्बमबरोबर मागच्या कामालाही दाद दिली असे मानले, तरच हिशेब नीट लागतो.

जून २०२२ च्या ड्रेकच्या ‘ऑनेस्टली, नेव्हरमाइंड’ या हाऊसकडे झुकलेल्या अल्बमच्या निर्मात्यांत तो होता. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याचा स्वतंत्र कार्यक्रम झाला. जानेवारी २०२४ मध्ये अर्जेंटिनातील मार देल प्लाता येथे जाताना विमानप्रवासात तो जबर जखमी झाला, पण त्या वर्षीच्या हंगामात पुन्हा इबिझाला वाजवू लागला. मायदेशी तोवर तरुणांची पसंती अमापियानोकडे वळली होती. गती हाऊसहून उतरलेली, लाकडी ठोक्यासारखा बेस असलेली ही शैली प्रिटोरिया-जोहान्सबर्गच्या वस्त्यांत वाढली. तिचे निर्माते आता लंडन, लागोस गाठतात तेव्हा त्यांच्या वाटेवर ब्लॅक कॉफीने आधीच ओळखीचे केलेले बरेचसे क्लब लागतात.